यी चिंगमधला जुन्झी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यी चिंग हा प्राचीन चीनचा कौलग्रंथ. त्यात ६४ आकृत्या आहेत, प्रत्येकीत सहा रेषा, आणि रेषा अखंड असते किंवा मधोमध तुटलेली. या आकृत्यांच्या मजकुरात ‘जुन्झी’ नावाचा एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याच्याविषयी सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचा, कारण बाकीचे बरेच गोंधळ तिथूनच सुरू होतात.

१. जुन्झी म्हणजे नेमका कोण? राजपुत्र, विद्वान की संत?

आधी तो खरोखरच उमराव होता. शब्दाचा मूळ अर्थ ‘अधिपतीचा मुलगा’. पश्चिम चौ काळात, म्हणजे इ.स.पू. नवव्या शतकाच्या आसपास, जुन्झी म्हणजे जमीन, रथ आणि पद असलेल्या घराण्यातला पुरुष. पुढे कन्फ्यूशियसने (इ.स.पू. ५५१–४७९) आणि त्याच्या शिष्यपरंपरेने जन्माची अट मागे सारून वागणुकीची अट पुढे आणली. संत मात्र तो नव्हे. चिनी विचारात संताची पायरी याच्याही वरची आहे. जुन्झी चुकू शकतो. ४२ व्या आकृतीचं प्रतिमावाक्य (आकृतीवरच्या भाष्यातलं वाक्य, पाहा प्रश्न २) तर सांगतं की त्याला चांगलं दिसलं की तो तिकडे वळतो आणि दोष असला की दुरुस्त करतो.

२. यी चिंगमध्ये हा शब्द कुठे कुठे येतो?

दोन वेगळ्या थरांत, आणि ते वेगळेच ठेवून वाचावे लागतात.

पहिला थर मूळ कौलमजकुराचा, म्हणजे प्रत्येक आकृतीचा निर्णय (सबंध आकृतीवरचं वाक्य) आणि तिच्या सहा रेषांची वाक्यं. इथे जुन्झी १६ आकृत्यांत मिळून २० वेळा येतो. वाक्यं तुटक आणि प्रसंगाला धरून असतात. ३६ व्या आकृतीची पहिली रेषा म्हणते, ‘जुन्झी प्रवासात, तीन दिवस अन्न नाही.’ यात उपदेश शोधू नये. प्रवासाला निघालेल्या उमरावासाठी काढलेला हा कौल आहे.

दुसरा थर ‘दहा पंख’ नावाच्या भाष्यांचा. त्यांपैकी प्रतिमाभाष्यात प्रत्येक आकृतीसाठी एकेक वाक्य आहे आणि ६४ पैकी ५३ वाक्यांत जुन्झी आहे. ‘जुन्झी असा वागतो’ ही शिकवण याच थरातली.

वाक्य हाती आलं की ते कोणत्या थरातलं, हे आधी ठरवा. रेषेतला जुन्झी हा बहुधा पदावरचा माणूस असतो आणि प्रतिमावाक्यातला जुन्झी हा घडवायचा माणूस. अनेक लोकप्रिय अनुवादांत दोन्ही थर एकाखाली एक, एकाच टाइपात छापलेले असतात. त्यामुळे वाचकाला ते एकाच लेखकाचे वाटतात.

३. हे सगळं कन्फ्यूशियसनेच लिहिलं ना?

परंपरा तसं मानते. आकृत्या पुराणकथेतल्या राजा फूशीच्या, निर्णय चौ घराण्यातल्या राजा वनचे, रेषांची वाक्यं त्याचा मुलगा चौच्या ड्यूकची आणि दहा पंख कन्फ्यूशियसचे, अशी तिची वाटणी. पण अकराव्या शतकातच ओउयांग श्यू या विद्वानाने पंख एकाच हातचे असण्याबद्दल शंका घेतली होती. आजचे बहुतेक अभ्यासक ही भाष्यं युद्धरत राज्यांच्या काळापासून सुरुवातीच्या हान काळापर्यंत (साधारण इ.स.पू. पाचवं ते दुसरं शतक) तयार झाली असं धरतात. १९७३ मध्ये हूनान प्रांतात छांगशाजवळ मावांगत्वेच्या तिसऱ्या थडग्यात यी चिंगची रेशमावर लिहिलेली प्रत मिळाली. थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं. त्या प्रतीत आकृत्यांचा क्रम वेगळा आहे आणि काही भाष्यं आहेत, पण प्रतिमाभाष्य नाही. तेव्हा ‘कन्फ्यूशियस म्हणतो’ असं लिहून प्रतिमावाक्य उद्धृत करणं टाळावं.

४. प्रतिमावाक्य वाचायचं कसं?

त्याचे तीन भाग असतात आणि क्रम ठरलेला असतो. आधी निसर्गातलं दृश्य, मग आकृतीचं नाव, मग ‘त्यावरून जुन्झी’ काय करतो ते.

दृश्य दोन त्रिरेखांवरून येतं. सहा रेषांपैकी खालच्या तीन ही एक त्रिरेखा, वरच्या तीन ही दुसरी. एकूण आठ त्रिरेखा आहेत : आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, पाणी, डोंगर, वारा (किंवा लाकूड), अग्नी आणि तळं. सहाव्या आकृतीत वर आकाश, खाली पाणी. आकाश वर जातं, पाणी खाली वाहतं, म्हणून नाव ‘कज्जा’. त्यावरून जुन्झी काम हाती घेताना आरंभाचाच नीट विचार करतो. भांडण मिटवायचा उपाय इथे नाही. दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला जिथून वळली त्या जागेकडे, म्हणजे कराराच्या पहिल्या ओळीकडे, वाक्य बोट दाखवतं.

आणखी काही पाहा. २७ व्या आकृतीत डोंगराखाली मेघगर्जना आहे. आकृतीचा आकारच उघड्या तोंडासारखा : वर-खाली अखंड रेषा, मध्ये चार तुटलेल्या. नाव ‘पोषण’, आणि जुन्झी बोलताना जपतो, खाण्यापिण्यावर ताबा ठेवतो. ४७ व्या आकृतीत तळं वर आणि पाणी त्याच्या खाली, म्हणजे तळ्यातलं पाणी झिरपून गेलेलं. जुन्झी प्राण पणाला लावून आपलं ध्येय पुरं करतो. ६३ व्या आकृतीत पाणी अग्नीच्या वर आहे, सगळं जागच्या जागी, नाव ‘पार पडलेलं’. आणि नेमक्या तेव्हाच जुन्झी संकटाचा विचार करून आधी तजवीज करतो.

नेहमीची चूक म्हणजे दृश्य गाळून फक्त शेवटचा उपदेश उचलणं. ‘खाण्यापिण्यावर ताबा ठेवा’ हे एकटं वाचलं तर ते भिंतीवरचं सुविचाराचं वाक्य होतं. आकृती समोर ठेवली की ते तिच्यातून का निघालं ते कळतं. दृश्यापासून उपदेशापर्यंतची वाट स्वतः जोडून पाहणं हाच या वाक्यांचा अभ्यास.

५. मग प्रतिमाभाष्यातल्या उरलेल्या ११ आकृत्यांत जुन्झी का नाही?

तिथे दुसरे कर्ते आहेत. सात ठिकाणी ‘पूर्वीचे राजे’ (८, १६, २०, २१, २४, २५, ५९), दोन ठिकाणी ‘अधिपती’ (११, ४४), एका ठिकाणी ‘महापुरुष’ (३०) आणि एका ठिकाणी ‘वरचे’ (२३). कारण कामाचं स्वरूप. २४ व्या आकृतीत राजे अयनाच्या दिवशी सीमेवरची नाकी बंद ठेवतात आणि व्यापारी प्रवास थांबवतात. ८ मध्ये ते राज्यं वाटून देतात, ५९ मध्ये मंदिरं उभारतात. ही कामं सत्तेशिवाय होत नाहीत.

नियम मात्र काटेकोर नाही. ४९ मध्ये पंचांग ठरवणं आणि ६१ मध्ये खटल्यांचा विचार करून मृत्युदंड लांबवणं ही राज्यकारभाराची कामं जुन्झीकडेच आहेत. म्हणजे प्रतिमाभाष्यातला जुन्झी हा अधिकार हाती असलेला किंवा उद्या येणारा माणूस आहे. त्याला निव्वळ घरगुती सद्‌गुणी मानलं की ही वाक्यं पोकळ वाटतात.

६. महापुरुष आणि ‘लहान माणूस’ यांच्यात जुन्झी कुठे बसतो?

मूळ मजकुरात ‘लहान माणूस’ (श्याओरन) म्हणजे पद नसलेला, सामान्य माणूस. भाष्यांत तो क्षुद्र मनाचा होतो. महापुरुष (तारन) हा ज्याला भेटल्याने काम होतं असा थोर माणूस, आणि पहिल्या आकृतीच्या दुसऱ्या व पाचव्या रेषेत ‘महापुरुषाला भेटणं हिताचं’ असं येतं. ४९ व्या आकृतीत, ‘कात टाकणं’ या विषयात, तिघेही शेजारी उभे आहेत. पाचवी रेषा : महापुरुष वाघासारखा पालटतो. सहावी : जुन्झी बिबट्यासारखा पालटतो, लहान माणूस फक्त चेहरा बदलतो. वाघाचे पट्टे ठळक, बिबट्याचे ठिपके बारीक आणि दाट, हा फरक भाष्यांतही टिपला आहे. पण दोघांचाही बदल कातडीवर उमटलेला आहे, तिसऱ्याचा नाही.

७. एकाच रेषेत लहान माणसाला शुभ आणि जुन्झीला अशुभ, असं कसं?

कारण कौल माणूस बघून दिलेला आहे. २० व्या आकृतीची पहिली रेषा म्हणते, ‘पोरासारखं पाहणं : लहान माणसाला दोष नाही, जुन्झीला खंत.’ वरवर पाहणं ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याला चालतं. ज्याच्या निर्णयावर इतरांचं बरंवाईट ठरतं त्याला चालत नाही. २३ व्या आकृतीची शेवटची रेषा उलट बाजूने जाते. झाडावर एक मोठं फळ न खाता उरलेलं आहे, जुन्झीला रथ मिळतो, लहान माणसाचं छप्पर जातं. १२ व्या आकृतीत दुसरी रेषा लहान माणसाला शुभ म्हणते, कारण काळच अडलेला आहे आणि अशा काळात खुशामत खपते.

अशी रेषा आली तर आधी ठरवा की विचारलेल्या बाबतीत जबाबदारी तुमच्यावर आहे का. त्यानंतरच शुभ-अशुभ वाचा.

८. कौल काढायची पद्धत काय?

तीन नाण्यांची पद्धत सोपी आहे. कोणती बाजू ३ आणि कोणती २ हे आधी ठरवून ठेवा, मध्येच बदलू नका. तिन्ही नाणी एकदम टाका आणि बेरीज करा. ७ म्हणजे स्थिर अखंड रेषा, ८ म्हणजे स्थिर तुटलेली, ९ म्हणजे बदलणारी अखंड, ६ म्हणजे बदलणारी तुटलेली. बदलणारी रेषा उलटते, अखंडची तुटलेली किंवा तुटलेलीची अखंड होते, आणि त्यातून नवी आकृती तयार होते. असं सहा वेळा. पहिली रेषा सर्वांत खाली, मग वर वर.

काड्यांची पद्धत जुनी. ५० काड्या घ्या (मूळ यारो वनस्पतीच्या, पण सारख्या लांबीच्या बांबूच्या चालतात) आणि एक कायमची बाजूला ठेवा. उरलेल्या ४९ चे न मोजता दोन ढीग करा. उजव्यातली एक काडी डाव्या हाताच्या बोटांत धरा. मग दोन्ही ढीग चार-चारने मोजा आणि प्रत्येकाची बाकी (१ ते ४, शून्य आली तर ४ धरायची) बाजूला काढा. पहिल्या फेरीत बोटांतली धरून एकूण ५ किंवा ९ काड्या बाजूला जातात, म्हणजे ४४ किंवा ४० उरतात. वेगळा आकडा आला तर मोजणी चुकली, फेरी पुन्हा करा. उरलेल्यांवर तेच आणखी दोनदा, आणि त्या फेऱ्यांत ४ किंवा ८ जातात. शेवटी ३६, ३२, २८ किंवा २४ उरतात. त्याला चारने भागा, की ९, ८, ७ किंवा ६. एका रेषेला तीन फेऱ्या, आकृतीला १८.

निकाल दोन्हीकडे सारखे पडत नाहीत. नाण्यांत ९ आणि ६ दोन्ही १६ पैकी २ वेळा अपेक्षित. काड्यांत ९ हा १६ पैकी ३ वेळा, ६ फक्त एकदा.

९. रेषा वरून खाली काढल्या तर काय बिघडतं?

आकृतीच बदलते. समजा ८, ८, ९, ८, ८, ८ आले. खालून मांडल्यास खाली डोंगर आणि वर पृथ्वी, म्हणजे १५ वी आकृती, नम्रता. तिसरी रेषा बदलणारी : ‘कष्टाळू, नम्र जुन्झी, शेवट गाठतो, शुभ.’ वरून मांडल्यास तीच बेरीज १६ वी आकृती होते आणि प्रतिमावाक्यात जुन्झीच राहत नाही, त्याच्या जागी संगीत रचणारे पूर्वीचे राजे येतात.

१०. एकाहून जास्त रेषा बदलणाऱ्या आल्या, तर कोणतं वाक्य धरायचं?

सर्वांत वापरला जाणारा नियम चू शी (११३०–१२००) या सोंग काळातल्या विचारवंताचा. एकही रेषा बदलत नसेल तर आकृतीचा निर्णय. एक असेल तर तिचं वाक्य. दोन असतील तर दोन्ही, पण वरची मुख्य. तीन असतील तर जुन्या आणि नव्या दोन्ही आकृत्यांचे निर्णय. चार असतील तर नव्या आकृतीतल्या न बदललेल्या दोन रेषा, खालची मुख्य. पाच असतील तर नव्या आकृतीतली न बदललेली एक रेषा. सहाही बदलल्या तर नव्या आकृतीचा निर्णय. पहिल्या आणि दुसऱ्या आकृतीला या शेवटच्या प्रसंगासाठी खास जादा वाक्य आहे.

प्रश्न ९ मधल्या उदाहरणात फक्त तिसरी रेषा बदलते, म्हणून तिचंच वाक्य धरायचं. बदलल्यावर दुसरी आकृती, पृथ्वी, तयार होते. तिचा निर्णय, ‘जुन्झीला कुठे जायचं आहे, आधी वाट चुकतो, मग धनी भेटतो’, दिशा समजायला वाचावा, पण कौल म्हणून नव्हे. प्रतिमावाक्य या नियमांत कुठेच येत नाही. ते आकृतीवर विचार करण्यासाठी आहे.

११. माझ्या रेषेत जुन्झी आला. म्हणजे तो मीच का?

आपोआप नाही. वाक्य अट घालतं : जुन्झीसारखा वागलास तर असं होईल. सोंग काळातल्याच चांग त्साय (१०२०–१०७७) याने सरळ लिहून ठेवलं की यी (म्हणजे यी चिंग) जुन्झीसाठी मसलत देतो, लहान माणसासाठी नाही. ‘शुभ’ हे बक्षीस म्हणून वाचणाऱ्यांनी पुढचा प्रश्न पाहावा.

१२. उत्तम रेषा येऊनही काम फसलं, असं का होतं?

याचं जुनं आणि स्पष्ट उदाहरण चो-चुआन या इतिवृत्तात आहे, इ.स.पू. ५३० चं. लू राज्यातला नान ख्वाय बंडाच्या तयारीत होता. त्याला दुसऱ्या आकृतीची पाचवी रेषा आली : ‘पिवळं अधोवस्त्र, परम शुभ.’ त्याला वाटलं, झालंच काम. लूमधल्याच झफू ह्वेपो याने त्याला समजावलं की बाब निष्ठेची आणि विश्वासाची असेल तरच हा कौल लागू पडेल. पिवळा हा मध्याचा रंग आणि अधोवस्त्र खाली नेसायचं, म्हणजे अंतरात निष्ठा नसेल तर तो रंग मिळत नाही आणि खालचा माणूस मर्यादेत नसेल तर ते वस्त्र त्याचं नाही. शिवाय यीला धोक्याच्या कारस्थानांबद्दल विचारता येत नाही. बंड फसलं.

जुन्झीची कल्पना कौलाच्या आत कशी काम करते ते इथे इतर कुठल्याही कथेपेक्षा नीट दिसतं. प्रतीक खरं होतं. विचारणारा त्या प्रतीकात बसत नव्हता.

१३. स्त्री जुन्झी असू शकते का?

मूळ मजकूर ज्या समाजातला आहे तिथे जुन्झी पुरुषच गृहीत होता, आणि स्त्रियांसाठी रेषा वेगळ्या सांगितल्या जात (२० व्या आकृतीची दुसरी रेषा पाहा). पण आपण त्या कौलात बसतो का, ही कसोटी स्वतःला सर्वांत कडक लावली ती एका स्त्रीने. लूच्या राजघराण्यातली मू च्यांग कारस्थानात सापडून पूर्वेच्या महालात स्थानबद्ध झाली. तिथे जाताना काढलेल्या कौलात ५२ वरून १७ वी आकृती झाली. राजलेखकाने सांगितलं, लवकरच सुटका होईल. ती म्हणाली, नाही. १७ व्या आकृतीच्या निर्णयात चार गुण सांगितले आहेत आणि ते असतील तरच ‘दोष नाही’. माझ्याकडे त्यांतला एकही नाही, मी इथेच मरणार. इ.स.पू. ५६४ मध्ये ती तिथेच वारली. त्या चार गुणांचा तिने सांगितलेला अर्थ जवळपास त्याच शब्दांत पहिल्या आकृतीवरच्या भाष्यात आला आहे, आणि तिथे त्यापुढे वाक्य आहे की जुन्झी हे चार गुण आचरतो. मजकूर तिला जुन्झी म्हणत नाही. तिचं वाचन मात्र जुन्झीचं आहे.

१४. खरा जुन्झी कौल घेतो तरी का?

घेतो, पण क्वचित. ‘जोडलेली वाक्यं’ या भाष्यात दिनक्रमच दिला आहे : स्वस्थ असताना जुन्झी प्रतिमा पाहतो आणि शब्दांवर चिंतन करतो, कृती करायची असते तेव्हा बदल पाहतो आणि कौलावर चिंतन करतो. कन्फ्यूशियसच्या संवादांत (१३.२२) ३२ व्या आकृतीची तिसरी रेषा येते, ‘आपल्या गुणात जो टिकत नाही त्याच्या पदरी लाज येते’, आणि त्यावर त्याचं म्हणणं इतकंच की अशा माणसाने कौल काढण्यात अर्थ नाही. श्युनझी या विचारवंताच्या ग्रंथात तर म्हटलं आहे की यी ज्याला नीट येतो तो कौल काढत नाही. मावांगत्वेच्या रेशमी प्रतीत म्हातारा कन्फ्यूशियस यी जवळ बाळगतो म्हणून शिष्य झकोंग आक्षेप घेतो. उत्तर असं : राजलेखक आणि देवऋषी यांची आणि माझी वाट एकच आहे, पोहोचायचं ठिकाण वेगळं.

दुसरी बाजूही आहे. चू शीचं ठाम मत होतं की यी मुळात कौलासाठीच होता, आणि नीतिग्रंथ म्हणूनच वाचणारे त्याची रेषावाक्यं ओढूनताणून लावतात. मूळ थराबद्दल त्याचं म्हणणं पटतं. म्हणूनच प्रश्न २ मधला भेद महत्त्वाचा.

१५. जुन्झी म्हणजे सतत झटणारा, असं सगळीकडे वाचलं. मग माघार अशुभ का नाही?

ते ‘सतत झटणं’ पहिल्या आकृतीच्या प्रतिमावाक्यातलं : आकाशाची गती दमदार, जुन्झी स्वतःला बळ देत राहतो, थांबत नाही. दुसरीचं वाक्य : पृथ्वी सर्व झेलते, जुन्झी आपल्या भरीव गुणावर सगळ्यांना पेलतो. १९१४ मध्ये ल्यांग छीछाव या विचारवंताने पेकिंगच्या छिंगह्वा शाळेत ‘जुन्झी’ या विषयावर भाषण करताना ही दोन वाक्यं घेतली आणि पुढे ती छिंगह्वा विद्यापीठाचं बोधवाक्य झाली. त्यामुळे तीच सर्वांना ठाऊक असतात.

पण उरलेला ग्रंथ थांबायला शिकवण्यात तितकाच वेळ घालवतो. तिसऱ्या आकृतीची तिसरी रेषा : वनरक्षकाशिवाय हरणामागे गेलास तर नुसता रानात शिरशील, जुन्झी खूण ओळखून सोडून देतो. पाचव्या आकृतीत ढग आकाशात चढले आहेत पण पाऊस नाही, म्हणून जुन्झी खातो, पितो, आनंदात राहतो. १७ व्या आकृतीत तो संध्याकाळ झाली की घरात जाऊन विसावा घेतो. ३३ मध्ये, म्हणजे ‘माघार’ या आकृतीत, तो क्षुद्रांपासून लांब राहतो, द्वेष न करता पण कडकपणे. ३६ मध्ये प्रकाश जमिनीखाली गेलेला असतो, आणि तो लोकांत वावरताना आपलं तेज झाकून ठेवतो. ५२ चं वाक्य, ‘जुन्झीचा विचार आपल्या पदाची मर्यादा ओलांडत नाही’, कन्फ्यूशियसच्या संवादांतही (१४.२६) त्याचा शिष्य झंगझीच्या तोंडी जवळजवळ तसंच आहे.

१६. नम्रतेची आकृती सर्वांत शुभ मानतात. ती आली की झालं का?

१५ व्या आकृतीच्या सहाही रेषांत एकही अशुभ शब्द नाही, हे खरं. निर्णयातही जुन्झी आहे, पहिल्या आणि तिसऱ्या रेषेतही. पण तिची पाचवी आणि सहावी रेषा सैन्य चालवण्याबद्दल आहेत, आणि प्रतिमावाक्यात जुन्झी जिथे जास्त आहे तिथून कमी करून जिथे उणं आहे तिथे भर घालतो, वजन करून सारखं वाटतो. डोंगर पृथ्वीच्या पोटात आहे, नाहीसा झालेला नाही. गप्प बसण्याचा सल्ला म्हणून ही आकृती वाचू नये.

१७. हे देवळातल्या कौलासारखं किंवा रमळासारखं आहे का?

कोकण-गोव्यातल्या कौलात देवाला विचारलं जातं आणि उत्तर देवाचं असतं. यीच्या मजकुरात उत्तर देणारा देव नाही, परिस्थितीचं चित्र आहे आणि त्यात वागायचं कसं ते आहे. रमळाशी साम्य फक्त चिन्हांपुरतं. तिथे एक किंवा दोन ठिपक्यांच्या चार ओळी असतात आणि १६ आकृत्या, इथे सहा रेषा आणि ६४. रमळाच्या आकृत्यांचे अर्थ यीला लावू नयेत.